लाल शाईचे दोन परिच्छेद

"सही करण्याआधी अर्ज वाचला होता का?" वकीलसाहेबांनी विचारलं. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. कारण अर्ज वाचून दाखवण्याचं काम माझं होतं.

ताई आमच्या बचत गटातली. नाव सांगू नका म्हणाली, म्हणून सांगत नाही. आमच्या भागातल्या एका सूतगिरणीत ती रीलिंग खात्यात होती. मार्च २०१४ मध्ये पाळीला गेली, तर गेटवरच सांगितलं, "उद्यापासून यायचं नाही." ना नोटीस, ना चौकशी, ना हिशेब. नवरा वारलेला, मुलगी बारावीला.

मग धावपळ सुरू झाली. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली, अनुचित प्रथेविरुद्ध कामगार न्यायालयात तक्रार करायला ९० दिवसांची मुदत होती. त्यातले बरेच दिवस साहेबांच्या विनवण्या करण्यातच गेले होते. वकिलांना द्यायला ताईची सगळी हकीगत मी लिहून काढली. बी.ए. मराठी ना मी! 'पोटाची खळगी', 'डोक्यावरचे छत्र', सगळं होतं त्यात. नव्हतं ते नेमकं कामाचं. तिनं सांगितलं, "२०११ ला कायम झाले," म्हणून मी नोकरीची सुरुवात २०११ लिहिली. वकिलांनी त्यावरून तक्रार तयार केली, ताईने सही केली आणि आम्ही चारची एस.टी. पकडली.

काही महिन्यांनी गिरणीची लेखी कैफियत आली. म्हणे, बाईंना आम्ही काढलंच नाही, त्यांनी स्वखुशीने राजीनामा दिला. सोबत राजीनामा जोडलेला. टाइप केलेला, इंग्रजीत, आणि खाली ताईची वळणदार सही!

ताई तेव्हा काहीच बोलली नाही. परतीच्या एस.टी.त हळूच म्हणाली, "वहिनी, कायम करताना ऑफिसात चार-पाच कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या. सगळ्याच बायकांच्या घेतल्या. त्यात सांगायचं काय?" आणि बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. २०११ च्या आधी सहा वर्षं ती त्याच गिरणीत बदली कामगार होती. २००५ पासूनची हजेरीकार्डं तिने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. मला वाटलं, झालं, आता काय, साक्षीच्या वेळी सगळं सांगून टाकू.

दुसऱ्या तारखेला वकीलसाहेबांनी हा भ्रम उतरवला. जे तक्रारीत लिहिलेलं नाही, त्याचा पुरावा कोर्ट सहसा विचारात घेत नाही. पिंजऱ्यात उभं राहून ताई पहिल्यांदाच 'कोऱ्या कागदावर सही घेतली' म्हणाली, की समोरचा वकील विचारणार, "हे तक्रारीत कुठे आहे? आज सुचलं का?" आणि तक्रारीत २०११ लिहून साक्षीत २००५ म्हटलं, की बाकीचं खरंही खोटं ठरायला वेळ लागत नाही.

ते सहा वर्षांचं अंतर किती महाग होतं बघा. तेव्हाच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपात करायची तर महिन्याची नोटीस किंवा पगार, आणि पुऱ्या झालेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागे. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची नोकरी लागे. म्हणजे माझ्या एका चुकीच्या आकड्याने ताईची नऊ वर्षं तीनवर आली होती आणि ग्रॅच्युइटीचा प्रश्नच उरला नव्हता! त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं तरी सांगितलं नाही.

उपाय होता दुरुस्ती अर्जाचा. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ६, नियम १७ आहे. कामगार न्यायालय त्या संहितेला तंतोतंत बांधलेलं नसलं, तरी तत्त्व तेच वापरतात. वादाचा निकाल लावायला जी दुरुस्ती गरजेची आहे, ती करू देतात. मात्र २००२ पासून त्यात एक अट आली. सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी असेल, तर पुरेशी काळजी घेऊनही ती आधी का मांडता आली नाही, हे पटवून द्यावं लागतं. आमचं नशीब, ताईचं साक्षीचं शपथपत्र अजून दाखल व्हायचं होतं. "आणि दुरुस्ती म्हणजे नवीन भांडण नव्हे हं," वकीलसाहेबांनी बजावलं. जुनीच हकीगत पुरी करायची. मूळ तक्रारच बदलली, तर विरोधी पक्षाला आयतं कोलीत.

या वेळी मी अलंकार घातले नाहीत. दोनच परिच्छेद. एकात २००५ पासूनची नोकरी, कार्डांसह. दुसऱ्यात सह्या कधी, कुठे, कोणी घेतल्या ते, आणि राजीनामा पहिल्यांदा पाहिला तो कैफियतीसोबतच, हेही. गिरणीने कडाडून विरोध केला. 'पश्चातबुद्धी' हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. तरी अर्ज मंजूर झाला, थोडा खर्च भरण्याच्या अटीवर.

मला वाटलं जिंकलो! वकीलसाहेब म्हणाले, "अजून नाही." मंजुरी मिळाली तरी मूळ तक्रारीत प्रत्यक्ष दुरुस्ती करून घ्यावी लागते. आदेशात मुदत दिली नसेल, तर नियमाप्रमाणे चौदा दिवसांत. नाहीतर पुन्हा कोर्टाकडे मुदत मागत बसा. आदेश मिळाल्याच्या आनंदात हे विसरणारे बरेच असतात, म्हणाले. तेव्हा त्यांच्या कारकुनाने आमच्यासमोर लाल शाईने ते परिच्छेद तक्रारीत घातले आणि त्यांनी खाली सही केली. या वेळी ताईने एकेक ओळ माझ्याकडून वाचून घेतली, दोनदा.

उलटतपासणीत राजीनाम्याचा प्रश्न आलाच. ताई शांतपणे म्हणाली, "लिहिलंय की तक्रारीत, लाल शाईने."

प्रकरण २०१७ मध्ये तडजोडीने मिटलं. परत कामावर घेतलं नाही, याची खंत ताईला आहे. पण हिशेब २००५ पासून झाला, ग्रॅच्युइटीसकट.

मैत्रिणींनो, १९४७ चा तो कायदा आता राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. त्यामुळे मुदत किती आणि दाद कुठे मागायची, हे आधी विचारून घ्या. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करून. आमच्या गटातली दुसरी एक जण परवा तिकडे निघाली, तेव्हा ताईने तिला आपला पत्र्याचा डबा दिला. रिकामा. म्हणाली, "कागद यात ठेव. आणि कोऱ्यावर सही केली असशील, तर तेही आत्ताच सांग."