दिल्लीचे वचन आणि गावाची वही

‘भारत २०३० पर्यंत अमुक करील, २०७० पर्यंत तमुक करील’ अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. हवामान बदल हा शास्त्रज्ञांचा विषय आणि परिषदा हा मंत्र्यांचा विषय, असे आपण मनाशी ठरवून टाकलेले असते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने त्यावर लेख लिहावा याचे काहींना नवलही वाटेल. परंतु माझ्या मते हा प्रश्न जितका विज्ञानाचा, तितकाच जमाखर्चाचा आहे. राष्ट्राने दिलेले वचन कुणी पाळायचे, कुठल्या पैशातून पाळायचे आणि त्याची नोंद कुठल्या वहीत करायची, हे ठरल्याखेरीज ते वचन कागदावरच राहते.

प्रथम हे वचन काय आहे ते पाहू. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिस येथे जागतिक करार झाला. प्रत्येक राष्ट्राने आपली उद्दिष्टे आपणच ठरवावीत आणि दर पाच वर्षांनी नव्याने मांडावीत, असे त्यात ठरले. भारताने ऑगस्ट २०२२ मध्ये सुधारलेल्या उद्दिष्टांत दोन आकडे प्रमुख आहेत. २०३० पर्यंत देशाच्या उत्पादनातील दर रुपयामागे होणारे उत्सर्जन २००५ च्या मानाने ४५ टक्क्यांनी घटवायचे, हा पहिला. वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के क्षमता कोळसा, तेल व वायू यांवाचून चालणारी असावी, हा दुसरा. शिवाय २०७० पर्यंत हवेत जाणारा आणि हवेतून परत शोषला जाणारा कार्बन यांची वजाबाकी शून्यावर आणायची आहे.

पहिला आकडा भल्याभल्यांना चकवतो. समजा, आपल्या उद्यमबागेतील एका फौंड्रीची विक्री १ कोटीची आहे आणि तिच्यापासून १०० टन कार्बन वायू हवेत जातो. काही वर्षांनी विक्री ३ कोटींवर गेली आणि वायू १६५ टन झाला. म्हणजे कोटीमागे ५५ टन. दर ४५ टक्क्यांनी उतरला, परंतु एकूण धूर वाढला! कॉस्टिंग शिकणाऱ्यास यात काही नवे नाही. दर नगामागचा खर्च घटूनही एकूण खर्च वाढू शकतो. दुसऱ्या आकड्याचेही तसेच. स्थापित क्षमतेचे ५० टक्के भारताने २०२५ च्या जूनमध्येच गाठले, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण सूर्य सायंकाळी मावळतो, त्यामुळे प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेचा मोठा भाग अद्याप कोळशातूनच येतो. आकडा वाचता येणे ही पहिली पात्रता होय.

आता हे वचन पाळणारे हात कुठे आहेत? परिषदेत सही केंद्र सरकार करते. पण आपल्या राज्यघटनेप्रमाणे शेती व पाणी हे राज्यांचे विषय आहेत, वीज व वने ही केंद्र-राज्य दोघांची आहेत. लहान पाटबंधारे, सामाजिक वनीकरण, अपारंपरिक ऊर्जा हे विषय तर घटनेच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत, म्हणजे पंचायतींच्या यादीत आहेत. केंद्राने २००८ साली राष्ट्रीय कृती आराखडा केला, त्यामागून राज्यांनी आपापले आराखडे केले. मात्र हवामानाचा आराखडा एका कपाटात आणि विकासाचा आराखडा दुसऱ्या कपाटात, असे झाले तर दोहोंची भेट व्हायची कशी?

शेतीपंपाचेच उदाहरण घेऊ. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. तिचे पैसे राज्य सरकार वीज कंपनीला अनुदान म्हणून देते. २०१९ साली केंद्राने सौर पंपांसाठी ‘कुसुम’ योजना आणली. एक पंप सौर झाला की ऊर्जा खात्याच्या वहीत अनुदान वाचले, सौरऊर्जेच्या वहीत क्षमता वाढली, शेतीच्या वहीत भिजलेले क्षेत्र वाढले. तिन्ही वह्यांत जमा! परंतु चौथी वही भूजलाची. दिवसभर फुकट ऊन आणि त्यावर फुकट पाणी मिळू लागले, तर पंप बंद कोण करील? एकाच पंपाची नोंद चार वह्यांत होते आणि त्या चारही वह्या एकत्र ठेवून बेरीज करणारा माणूस कुठल्याच कचेरीत नसतो.

अशी बेरीज करता येते, हे गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी गावाने दाखवून दिले. तेथील शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी संस्था काढली आणि २०१६ पासून उरलेली वीज ते वीज कंपनीला विकू लागले. विजेला भाव मिळाल्याने पाण्याचा वायफळ उपसा करणे म्हणजे आपलेच उत्पन्न बुडवणे ठरले. ऊन तेच, पंपही तोच. हिशेबाची मांडणी तेवढी बदलली.

‘क्षमता बांधणी’ हा जड शब्द पॅरिस कराराच्या अकराव्या कलमात आहे. त्याचा अर्थ शहरात दोन दिवसांचे शिबिर घेऊन प्रमाणपत्रे वाटणे एवढाच नव्हे. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे तीन भाग आहेत : गावपातळीवर मोजमाप करता येणे, निरनिराळ्या खात्यांनी एका टेबलावर बसणे, आणि अंदाजपत्रकातील प्रत्येक कामापुढे त्याचा हवामानाशी संबंध काय हे लिहिणे. ओडिशा राज्याने २०२०-२१ पासून असे हवामान अंदाजपत्रक मांडले. मुंबई महानगरपालिकेने २०२४ साली मांडले. त्यासाठी तिजोरीत नवी रक्कम यावी लागत नाही. आहे तोच पैसा कुठे जातो ते उजेडात येते.

‘आधी पोटोबा, मग विठोबा, गरीब देशाला हे सोंग कशाला?’ असे कुणी म्हणेल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. श्रीमंत राष्ट्रांनी शतकभर धूर सोडून संपत्ती मिळविली, हे खरेच आहे. परंतु २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा यांचे पाणी आपल्या जिल्ह्यातील घराघरांत शिरले. २०२३ मध्ये राज्यातील बहुतेक तालुके दुष्काळी ठरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, साखर कमी पडेल या धास्तीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. इथेनॉल हे तेल वाचविण्याचे साधन. ते उसावर अवलंबून, ऊस पावसावर अवलंबून. म्हणजे इथे पोटोबा आणि विठोबा एकाच देवळात आहेत.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण उद्या सोसायटीत, बँकेत, साखर कारखान्यात किंवा पंचायतीत हिशेब लिहायला बसतील. या मासिकात मराठी विभाग आहे, तसा कन्नडही आहे. मराठीत ‘हवामान बदल’, कन्नडमध्ये ‘हवामान बदलावणे’. शब्द जवळजवळ एकच! पण योजनेचा मूळ कागद इंग्रजीत, पंचायतीचा ठराव कन्नडमध्ये आणि सीमेवरच्या कित्येक गावांत ग्रामसभेतली चर्चा मराठीत, अशी आपली स्थिती आहे. हे तिन्ही कागद वाचून त्यांची बेरीज समजावून देणारी माणसे या भागात आपल्याइतकी दुसरीकडे कुठे सापडणार? येत्या ग्रामसभेला आपल्या गावाचा विकास आराखडा मागून घ्यावा आणि त्यात पाणी व वीज यांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले आहेत का, एवढे तरी पाहावे. नसतील तर ते लिहिण्याइतके शिक्षण आपल्याला मिळालेले आहे.