टवके उडालेले फडताळ

पुण्यातल्या जुन्या वाड्यांत स्वयंपाकघराच्या भिंतीत एक फडताळ असायचे आणि शेजारी दूधदुभत्याचे जाळीचे कपाट. वाडे पडले, सोसायट्या उभ्या राहिल्या. तरी ही कपाटे पुष्कळ घरांतून नव्या जागी आली आहेत. त्यांचा रंग मुठीभोवती काळवंडतो, कडांचे टवके उडतात, आणि दिवाळी जवळ आली की घरातले कोणीतरी म्हणते, "एवढ्यासाठी रंगारी कशाला? बोहरी आळीतून डबा आणू, रविवारी उरकून टाकू."

मीही एकदा असेच उरकले होते. रविवारी दुपारपर्यंत दारे कशी चकाकू लागली! पण संक्रांतीच्या सुमारास तोच रंग केळ्याच्या सालीसारखा निघू लागला. मी रंगाला दोष दिला. वास्तविक दोष माझाच होता. मेणचट दारावर मी रंग फासला होता.

रंग म्हणजे लाकडावरची एक पातळ कातडी. तिला धरून राहायला जागा हवी. स्वयंपाकघरात रोज फोडणीची वाफ उठते, ती दारांवर बसते, तिच्यावर धूळ चिकटते. अशा थरावर दिलेला रंग लाकडाला चिकटतच नाही, तेलाला चिकटतो. जुना रंग फार गुळगुळीत असला तरी तेच होते. आणखी एक गोष्ट. तेलरंग नुसता टर्पेंटाइन उडून वाळत नाही. त्यातले तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. म्हणून जाड हात दिला की वर साय धरते आणि खाली रंग ओलाच राहतो. पुढे भांडे आपटले की तेथून टवका उडतो.

इथवरची चूक फक्त पैशाची आणि श्रमाची. पण जुना रंग खरवडताना होणारी चूक याहून गंभीर आहे. पूर्वी रंगारी सफेता बेलतेलात घोटून रंग करीत. हा सफेता म्हणजे मुळात शिशाचा क्षार. भडक पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांतही शिशाची संयुगे असत. शिसे शरीरात गेले की लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला धक्का पोचतो, आणि अमुक इतके शिसे निर्धोक असे प्रमाण आजवर सापडलेले नाही. मुलांचे हात सारखे तोंडात जातात, शिवाय गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसापेक्षा मुलांच्या अंगात अधिक भाग शोषला जातो.

हे काही आज कळले असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड प्रांतात मुलांना शिशाची विषबाधा होत असे. ती घराच्या रंगवलेल्या कठड्यांतून आणि भिंतींतून होते, असे डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी 1904 साली मांडले. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने 1921 मध्ये रंगकामातल्या सफेत्यावर निर्बंध घालणारा करार संमत केला. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाचे नियम 2016 साली निघाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्यांप्रमाणे दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे चालत नाही. तेव्हा त्याआधी दिलेल्या रंगात शिसे आहे असे धरूनच चालावे. वाड्यातून आलेल्या फडताळावर तर थरांवर थर असतात.

आता कामाची रीत सांगतो. प्रथम कपाटातले डबे, भांडी, धान्य दुसऱ्या खोलीत न्या. लहान मुले आणि गरोदर स्त्री यांनी त्या दिवशी घरात थांबू नये. दारे बिजागऱ्यांपासून सोडवता आली तर गच्चीत न्या. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून दार पुसा, मग स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्या.

पुढचे काम कोरडे करू नका. जुना रंग कोरडा घासला की बारीक धूळ उडते, आणि दिव्याने जाळून काढला तर शिशाची वाफ होते. सुटलेला पोपडा ओल्या फडक्याने भिजवून अलगद काढा आणि टवक्याची कड पाण्याच्या पॉलिश पेपरने उतरती करा. बाकीच्या रंगाची फक्त चकाकी मोडायची आहे, तो समूळ काढायचा नाही. खाली पसरलेला कागद कचऱ्यासकट गुंडाळून बांधून टाका. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. हात धुऊन मगच चहाला बसा, आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवा. दाराचा सगळाच रंग सुटत असेल, तर मात्र हे काम घरी करूच नये. शिशाची काळजी घेऊन काम करणाऱ्या माणसावर सोपवावे.

उघड्या पडलेल्या लाकडावर आधी अस्तर, मग लांबी. हा क्रम उलटला तर लाकूड लांबीतले तेल पिऊन टाकते आणि लांबी भुगा होऊन गळते. लांबी वाळली की घासा, पुसा, पुन्हा अस्तर लावा. त्यावर रंगाचे दोन पातळ हात द्या, मध्ये एक पूर्ण दिवस जाऊ द्या. खिडक्या उघड्या आणि गॅस बंद हवा. बेलतेलाची फडकी बोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा. पावसाळ्याऐवजी कोरड्या हवेचे दिवस निवडा. डबा घेताना शिसे 90 पीपीएमच्या आत असल्याची नोंद पाहा.

हल्लीच्या सनमायकाच्या दारांना नेहमीचा तेलरंग नीट धरत नाही. गुळगुळीत पृष्ठभागाचे खास अस्तर मागून घ्यावे. प्लायवूडची कड पाण्याने फुगली असेल, तर ती रंगाने बरी होत नाही.

म्हणजे रविवारी दुपारी उरकणारे हे काम नाही; पाच-सहा दिवस लागतील, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक धुण्या-पुसण्यातच जातील. ते जाऊ द्यावेत. शेजाऱ्याच्या दारापेक्षा आपले दार कमी चकाकले तरी चालेल, पण रांगत्या मुलाच्या हाताला त्या रंगाची धूळ लागता कामा नये.