सिरॉसिस आणि यकृताचा कर्करोग : सहामाही तपासणीचे महत्त्व

प्रास्ताविक

दीर्घकाळचे मद्यपान, हिपॅटायटिस बी व सी हे विषाणू आणि मधुमेह-स्थूलतेसोबत यकृतात साचणारी चरबी यांमुळे यकृताला वर्षानुवर्षे इजा होत राहते. इजा भरून येताना व्रण साठतात आणि यकृत कठीण व गाठाळ बनते. यालाच सिरॉसिस म्हणतात. यकृताच्या कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण आधीपासून सिरॉसिसग्रस्त असतात. म्हणजे धोका कोणाला आहे, हे अगोदरच ठाऊक असू शकते. तरीही निदानास उशीर होतो, कारण लहान गाठ दुखत नाही.

निदान

सिरॉसिसच्या रुग्णाने बरे वाटत असतानाही दर ६ महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावी. सोबत रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन तपासतात; परंतु केवळ त्यावर विसंबू नये, कारण गाठ लहान असताना ते पुष्कळदा वाढलेले नसते. १ सें.मी. वा त्याहून मोठी गाठ दिसल्यास शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. कर्करोगाची गाठ प्रथम उजळते व नंतर भोवतालच्या यकृतापेक्षा फिकी पडते. ही खूण स्पष्ट असल्यास तुकडा काढून तपासण्याची सहसा गरज पडत नाही.

उपचार

उपचार गाठीच्या आकारावर तसेच उरलेल्या यकृताच्या कार्यक्षमतेवर ठरतात. लहान गाठ शस्त्रक्रियेने काढतात किंवा सुईवाटे उष्णता देऊन नष्ट करतात. यकृत दुर्बल असल्यास प्रत्यारोपणाचा विचार होतो. १९९६ च्या मिलान निकषांत त्यासाठी ५ सें.मी.पर्यंतची एक किंवा प्रत्येकी ३ सें.मी.पर्यंतच्या जास्तीत जास्त ३ गाठी, ही मर्यादा आहे. रोग पसरल्यावर औषधांनी आयुष्य वाढते, पण तो समूळ बरा होणे दुर्मीळ असते.

शिक्षकांची भूमिका

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील गावातून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जायचे, तर रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस मोडतो. बरे वाटत असल्यास तो तपासणी पुढे ढकलतो. अशा वेळी विद्यार्थ्यांमार्फत घरापर्यंत पोचणारी माहिती उपयोगी ठरते. एक तपासणी चतुर्थीच्या सुमारास, दुसरी शिगम्याच्या सुमारास, असे सांगितल्यास सहामाही अंतर सहज लक्षात राहते. दारू सोडली किंवा हिपॅटायटिस सी बरा झाला तरी धोका कमी होतो, संपत नाही. त्यामुळे सिरॉसिस असलेल्याने तपासणी चालूच ठेवावी. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी व औषधे मोफत आहेत, हेही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.