नित्य व्यवहारांत देवाचा भरंवसा

पालघर जिल्ह्यांतील एडवण हें गांव अरबी समुद्राच्या कांठीं वसलेलें आहे. अशा किनाऱ्यावर वाढणाऱ्या मुलाला भरती-ओहोटीचें गणित शाळेंत जाण्यापूर्वींच कळूं लागतें. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण येतें, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, आणि आज ज्या वेळीं भरती आली त्याहून उद्यां ती पाऊण तासाहून थोड्या अधिक वेळानें उशिरां येणार, हें तेथें कोणाला पुस्तकांत शोधावें लागत नाहीं. तांडेल होडी लोटतो ती हें सारें मनांत धरून. जाळें तपासलेलें असतें, दोर पाहिलेले असतात, हवामानखात्याचा इशारा ऐकलेला असतो. इतकें झाल्यावरहि जाळ्यांत काय येईल आणि दुपारीं वारा कोणत्या बाजूस फिरेल, या दोन गोष्टी त्याच्या हातीं नसतात. तरी तो जातो. कारण घरीं चूल पेटावयाची असते.

देवाच्या शहाणपणावर भरंवसा ठेवून जगणें म्हणजे काय, याचा विचार करतांना हा तांडेल डोळ्यांपुढें असलेला बरा. ख्रिस्ती घरांत 'देवाची इच्छा' हे शब्द दिवसांतून कितीदां तरी उच्चारले जातात. मुलाला नोकरी लागली तरी, न लागली तरी. मुलीचें लग्न ठरलें तरी, मोडलें तरी. परंतु शब्द ओठांवर असणें निराळें, आणि उद्यां वाण्याचा हिशेब चुकता करावयाचा असतां मन स्थिर असणें निराळें. खरी कसोटी लागते ती या दुसऱ्या ठिकाणीं. तेथें माणसाच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. एक मनुष्य म्हणतो, देव पाहून घेईल; आणि हातावर हात ठेवून स्वस्थ बसतो. दुसरा रविवारीं देवळांत प्रार्थना करतो आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत सर्व भार आपल्या एकट्याच्या हुशारीवर घेऊन रात्र रात्र जागतो. पहिल्याच्या घरीं आळस भरंवशाचें नांव घेऊन वावरतो. दुसऱ्याच्या घरीं भरंवसा नांवापुरताच उरतो.

पवित्र शास्त्राची शिकवण या दोहोंहून वेगळी आहे. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायांत परमेश्वरावर मनापासून विसंबण्याचा जो उपदेश आहे, त्याचा अर्थ बुद्धि टाकून द्यावी असा नाहीं. बुद्धीला शेवटचा आधार समजूं नये, इतकाच आहे. कारण त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांत आळशी मनुष्याला मुंगीकडे जाऊन तिची रीत पाहण्यास सांगितलें आहे. मुंगी उन्हाळ्यांत धान्य सांठविते, आणि म्हणून ती अविश्वासी ठरत नाहीं.

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायांतील मान्न्याची कथा हीच गोष्ट अधिक स्पष्ट करते. इस्राएल लोकांना रानांत रोज सकाळीं अन्न मिळे. तें कोणी पेरलेलें नव्हतें. तथापि तें वेंचण्यासाठीं पहांटे उठावें लागे, कारण ऊन तापलें कीं तें वितळून जाई. ज्यांनीं उद्यांच्या धास्तीनें अधिक सांठविलें त्यांच्या भांड्यांत किडे पडले. परंतु सहाव्या दिवशीं दुप्पट वेंचण्याची आज्ञा होती, आणि तो सांठा नासला नाहीं. म्हणजे दोष सांठविण्यांत नव्हता. भयापोटीं सांठविण्यांत होता. विम्याचा हप्ता भरणारा किंवा मुलांच्या शिक्षणासाठीं महिन्याकांठीं चार पैसे बाजूला टाकणारा गृहस्थ आपणांस श्रद्धाहीन समजूं लागला, तर त्यानें ही सहाव्या दिवसाची गोष्ट आठवावी.

दुसरें उदाहरण समुद्रावरचेंच आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायांत पौल बंदिवान होऊन रोमकडे निघाला आहे. गलबतांत एकंदर २७६ माणसें आहेत आणि चौदा रात्रींपर्यंत वादळ शमलेलें नाहीं. एकाहि माणसाचा जीव जाणार नाहीं, असें अभिवचन पौलाला मिळालेलें आहे. मग त्यानें स्वस्थ निजावयास हरकत नव्हती. परंतु खलाशी नांगर टाकण्याच्या मिषानें लहान होडींतून पळूं पाहत आहेत, हें दिसतांच तो शताधिपतीला बजावतो कीं, हे गेले तर बाकीचे वांचणार नाहींत. पहाट होतांना तो सर्वांस चार घांस खावयास लावतो. तत्पूर्वीं खलाशांनीं गलबताच्या मागील बाजूनें चार नांगर टाकले होते आणि ते उजाडण्याची वाट पाहत होते. अभिवचन, नांगर, अन्न आणि खलाशांचें कसब या चारहि गोष्टी त्या एका रात्रींत शेजारीं शेजारीं नांदतात. देवाचा शब्द मिळाला म्हणून खलाशांची गरज संपली, असें पौलाला क्षणभरहि वाटलें नाहीं.

शास्त्रांतील उदाहरणें फार जुनीं आणि दूरचीं वाटत असतील, तर महाराष्ट्राच्याच भूमीवरील एका चरित्राकडे पाहावें. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे भाविक व विद्वान. मुलीला संस्कृत शिकविण्याचें धैर्य त्यांनीं व त्यांच्या पत्नीनें त्या काळांत दाखविलें. तें कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत देशभर हिंडलें. दुष्काळाच्या दिवसांत, १८७४ सालीं, रमाबाईंचे आईवडील दोघेहि गेले. पुढें १८८० सालीं भाऊ गेला आणि १८८२ सालीं पति बिपिनबिहारी मेधावी यांना पटकीनें नेलें. मनोरमा ही तान्ही मुलगी तेवढी राहिली. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला; पुढें अमेरिकेंत जाऊन तेथील मित्रमंडळींकडून दहा वर्षांच्या साहाय्याचें वचन मिळविलें, आणि १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें. दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास गेलें.

आतां दहा वर्षांचें वचन म्हणजे दहा वर्षांनंतर काय, हा प्रश्न ओघानेंच आला. रमाबाईंनीं त्याचा विचार व्यवहारी माणसाप्रमाणें केला. पुण्याच्या पूर्वेस दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगांव येथें त्यांनीं जमीन घेतली. फळझाडें लावावीं, त्यांच्या उत्पन्नावर पुढें शाळा चालावी, असा बेत होता. याच काळांत ब्रिस्टल येथील जॉर्ज म्युलर यांचा वृत्तांत त्यांच्या वाचनांत आला. म्युलर यांनीं आपल्या अनाथगृहांतून दहा हजारांहून अधिक मुलें वाढविलीं. कोणाहि मनुष्यापाशीं पैसा मागावयाचा नाहीं, गरज देवाला सांगावयाची, हा त्यांचा नेम होता. त्याबरोबरच जमाखर्च काटेकोरपणें ठेवून तो प्रसिद्ध करण्याचाहि त्यांचा नेम होता, हें मात्र पुष्कळ जण विसरतात. हिंदुस्थानांतहि असा भरंवसा ठेवणें शक्य होईल काय, असा प्रश्न रमाबाईंच्या मनांत उभा राहिला.

उत्तर अनपेक्षित वाटेनें आलें. १८९६–९७ सालीं मध्य प्रांतांत मोठा दुष्काळ पडला. लहानपणीं स्वतः भूक भोगलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि उघड्या पडलेल्या मुलींना घेऊन आल्या. तोंच पुण्यांत प्लेगची सांथ. शहरांत इतक्या नव्या मुली ठेवण्यास सरकारी मनाई. अशा वेळीं त्या मुलींना पाय ठेवावयास जागा मिळाली ती केडगांवच्या शेतांत. जी जमीन उत्पन्नासाठीं घेतली होती ती आश्रयासाठीं कामास आली, आणि १८९८ च्या सुमारास तेथें मुक्ति सदन उभें राहिलें. जमीन घेतली त्या दिवशीं दुष्काळाची कल्पना कोणासहि नव्हती. देवाचें मार्गदर्शन बहुधा असेंच असतें. पुढचा सारा रस्ता नकाशावर काढून हातीं दिला जात नाहीं; जवळचें एक पाऊल टाकावयास मिळतें, आणि त्याचा अर्थ मागाहून उमगतो.

त्या वसाहतींत पुढें हजारांहून अधिक स्त्रिया व मुलें राहूं लागलीं. तेथें प्रार्थना अखंड चाले, हें खरें. परंतु विहिरी खणल्या गेल्या, माग चालले, तेलाचा घाणा फिरला, गाईगुरें पाळलीं, छापखाना निघाला, हेंहि तितकेंच खरें. पाण्यासाठीं प्रार्थना करावयाची आणि विहीरहि खणावयाची, या दोन कामांत तेथें कोणाला विरोध दिसला नाहीं.

येथें एक शंका येते, आणि ती टाळून पुढें जाणें बरें नव्हे. भरंवसा ठेवणाऱ्याचें सारें सुरळीत होतें काय? रमाबाईंनींच त्याचें उत्तर आपल्या आयुष्यानें दिलें आहे. मनोरमा आपल्यामागें हें काम चालवील अशी त्यांची आशा होती; ती १९२१ सालीं वारली. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं अनेक वर्षें मराठी बायबलाचें भाषांतर केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या स्वतः गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं छापून निघाला. मुलीच्या मृत्यूचा अर्थ कोणीं सांगावा? तो कोणास सांगतां येईल असें वाटत नाहीं, आणि दुःखी माणसाच्या घरीं जाऊन तो सांगूंहि नये. गेथशेमनेच्या बागेंत प्रभूनेंहि प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली होती आणि प्याला टळला नाहीं. भरंवसा म्हणजे मनासारखें होण्याची हमी नव्हे. मनासारखें न झालें तरी दुसऱ्या दिवशीं उठून मुद्रितें तपासावयास बसणें, हें त्याचें एक खरें लक्षण आहे.

दुसरी अडचण याहून नाजूक. आपलीच हौस देवाच्या आवाजांत बोलूं लागली, तर ती ओळखावी कशी? वडिलांना मुलानें डॉक्टर व्हावें असें वाटतें आणि ते म्हणतात, देवानें दाखविलें. आईला घर बदलावयाचें असतें आणि तिलाहि तसेंच वाटतें. याला कांहीं साधीं परीक्षणें आहेत. पहिलें असें कीं, ज्या वाटेनें शेजाऱ्याची हानि होते किंवा खोटें बोलावें लागतें, ती देवाची वाट नव्हे. तेथें प्रार्थना करून विचारण्याचेंहि कारण नाहीं. दुसरें, माहिती मिळविण्यापूर्वीं निर्णय मागूं नये. मुलाची आवड, त्याचे गुण, खर्चाचा आंकडा हीं सारीं समोर मांडावीं. तिसरें, ज्याच्या तोंडून 'नको' ऐकावयाची भीति वाटते, अशाच एका अनुभवी माणसाचा सल्ला घ्यावा. चौथें, घाई करूं नये. संत इग्नाती लोयोला यांच्या १५४८ सालीं छापलेल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथांत एक नियम असा आहे कीं, मन खिन्न व अंधारलेलें असतां, तें शांत असतांना केलेला निश्चय बदलूं नये. चारशें वर्षांहून अधिक काळ हा नियम लोकांच्या उपयोगीं पडला आहे.

या चौथ्या गोष्टीचें उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या चरित्रांत सांपडतें. कवि नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो धक्का सोसला नाहीं. पतिपत्नी कित्येक वर्षें दूर राहिलीं. पुढें त्या टिळकांकडे परत आल्या, तरी पतीनें धर्म बदलला म्हणून त्यांनीं आपला बदलला नाहीं. सोंवळें-ओंवळें एकेक करून मनांतून गळालें, माणसामाणसांतला भेद देवानें केलेला नाहीं हें स्वतःला पटलें, तेव्हां १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. टिळकांना एका प्रकारें हांक आली, लक्ष्मीबाईंना दुसऱ्या प्रकारें आणि पांच वर्षें उशिरां. 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते. टिळकांना पैशाची फिकीर नसे. आणि त्या बेफिकिरींतून संसार निभावून नेण्याचें काम लक्ष्मीबाईंच्या वांट्यास येई. घरांतील एकाच्या भरंवशाचें ओझें दुसऱ्याच्या खांद्यावर पडत नाहीं ना, हें प्रत्येक भाविक गृहस्थानें अधूनमधून पाहावें.

आजारपणाच्या वेळीं हा विवेक सर्वांत अधिक लागतो. प्रार्थना केली म्हणून औषध घेऊं नये, असें म्हणणारे अजून भेटतात. पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत पौलानें त्याचा उल्लेख मोठ्या प्रेमानें वैद्य म्हणूनच केला आहे. ज्यानें रोग्याला धीर दिला, त्यानेंच वैद्याला बुद्धि दिली. तापानें फणफणलेल्या मुलाच्या उशाशीं बसून आईनें प्रार्थना करावी आणि वडिलांनीं डॉक्टरांना बोलावून आणावें. यांत कोणाचा विश्वास कमी आणि कोणाचा अधिक, हा प्रश्नच उद्भवत नाहीं.

मोठे प्रसंग रोज येत नाहींत. भरंवशाची संवय मात्र रोजच्या लहान गोष्टींतच लागते. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेंत सर्व जगासाठीं मागणें मागून झाल्यावर, उद्यांची एक गोष्ट नांव घेऊन देवापुढें ठेवावी: फीचे पैसे, वरिष्ठांशीं होणारी भेट, भावाला लिहावयाचें अवघड पत्र. मग त्यांतला आपल्या हातांतला भाग कोणता, हें मनाशीं ठरवावें आणि सकाळीं तेवढा करून टाकावा. उरलेला भाग रात्रीं उशाशीं घेऊन निजूं नये. एडवणच्या किनाऱ्यावर एखाद्या दिवशीं होडी रिकामी परतते. त्या दिवशींहि तांडेल वाळूंत बसून फाटलेलें जाळें सांधतो, उद्यांच्या भरतीची वेळ मोजतो आणि घरीं जाऊन झोंपतो.