दिव्यांना ताल कळतो का?

गाण्याबरोबर उघडझाप करणारे दिवे पाहिले की, हे काम मोठ्या यंत्राचे असावे असे वाटते. वास्तविक त्याचा सारा संसार तळहातावर मावतो. बीसी ५४७ हा वाटाण्याएवढा ट्रान्झिस्टर, १ किलो-ओहम व २२० ओहम असे दोन रेझिस्टर, ३ तांबडे एलईडी आणि ९ व्होल्टची बॅटरी, एवढेच सामान!

बॅटरीच्या धन टोकापासून तिन्ही एलईडी एकामागे एक जोडावेत. त्यांच्यापुढे २२० ओहमचा रेझिस्टर आणि मग ट्रान्झिस्टरचा कलेक्टर. एमिटर ऋण टोकाला जोडावा. सेलवर चालणाऱ्या लहानशा रेडिओच्या स्पीकरची एक तार १ किलो-ओहममधून बेसला द्यावी, दुसरी एमिटरला. घरच्या विजेवर चालणाऱ्या यंत्राला मात्र हात लावू नये.

ट्रान्झिस्टर हा मोठा शिस्तीचा रखवालदार. बेसवर सुमारे ०.६ व्होल्ट दाब आल्याखेरीज तो दार उघडत नाही. पखवाजावर जोरकस थाप पडली की दाब चढतो आणि दिवे लागतात. थाप विरली की मालवतात. ३ एलईडी मिळून सुमारे ६ व्होल्ट घेतात. उरलेला भार २२० ओहमवर पडतो. तो नसेल तर दिवे जळून जातील.

रेडिओवर संथ आलापी लागली तेव्हा दिवे ढिम्म राहिले. पुतण्या म्हणाला, "काका, याला गाणं कळत नाही." खरेच आहे. त्याला जोर कळतो, सूर नाही.

तरीही या जोराचेही मोल आहे. माझ्या आईला अलीकडे फारच कमी ऐकू येते. अभंग सुरू होता, आणि दिव्यांकडे पाहत तिचा हात मांडीवर बरोबर भजनी ठेका धरू लागला. मग तिने विचारले, "ठेका दिसला रे, पण सूर कुठे आहे?"

त्या प्रश्नाला शास्त्राचे थोडे उत्तर आहे. कपॅसिटर व रेझिस्टर यांच्या गाळण्या लावून खर्ज, मध्य आणि तार असे तीन भाग वेगळे करता येतात. प्रत्येकाला स्वतंत्र ट्रान्झिस्टर द्यायचा: पखवाजाला तांबडा दिवा, गळ्याला हिरवा, टाळाला निळा. निक होलोनियाक यांनी तांबडा एलईडी १९६२ साली केला. तेजस्वी निळ्यासाठी १९९० चे दशक उजाडावे लागले, आणि त्या कामाला २०१४ चे नोबेल मिळाले.

यंदा आमच्या आकाशकंदिलात तिन्ही रंग आहेत. आई आता विचारते, "निळा का थांबला? टाळकरी दमले का?"