दात हलतो, कारण हाड झिजतं

"ताई, दाताला कीड नाही, तरी हलतोय." वस्तीत फिरताना पस्तिशी-चाळिशीतल्या बायकांकडून हे नेहमी ऐकते. भिंत भुसभुशीत झाली की चांगला खिळाही हलतो. दाताची भिंत म्हणजे जबड्याचं हाड.

सुरुवात हिरडीपासून होते. तोंडातले जंतू साखरेवर पोसतात आणि दाताच्या मुळाशी चिकट थर धरतात. हिरडी सुजते, घासताना रक्त येतं. ही सूज वर्षानुवर्षं राहिली तर आत उतरून हाड झिजवते. हाच पायरिया. बऱ्याचदा तो दुखत नाही, म्हणून दवाखाना लांबच राहतो. उलट रक्त दिसलं की ब्रश बंद आणि मिश्री सुरू! मिश्री म्हणजे तंबाखूच, ती हिरड्यांचं आणखी वाटोळं करते.

आता थंड्याकडे बघा. 300 मिली कोल्यात सुमारे 32 ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसानं दिवसभरात 25 ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं. वर त्यातलं आम्ल दाताचा कठीण थर झिजवतं. लेकरं एक बाटली तासभर घोट घोट पुरवतात, तेवढा वेळ जंतूंची चंगळ. आणि ताकाची जागा बाटलीनं घेतली, तर हाडाला कॅल्शियम कुठून मिळणार?

सुजेच्या जागी जंतूंशी लढताना शरीरात काही तिखट रसायनं तयार होतात. ती आपल्याच हिरडीला, हाडाला इजा करतात. त्यांना आवरतात ती अँटिऑक्सिडंट्स. क जीवनसत्त्व त्यांपैकीच एक, शिवाय हिरडीचा आणि हाडाचा धागा विणायलाही ते लागतं. महिनोन्महिने ताजी फळं-भाजी न मिळालेल्या जुन्या काळच्या खलाशांचे दात म्हणूनच हलायचे. आवळा, पेरू, लिंबू यांत ते भरपूर असतं. पेरूत तर संत्र्याहून जास्त. लिंबू मात्र ताटात पिळा, उकळत्या आमटीत नको, कारण उष्णतेनं हे जीवनसत्त्व जातं.

पण पेरू खाऊन साचलेलं कीटण निघत नाही, आणि झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात दात साफ करून घ्या. "साफ केले की दात हलतात" हे खोटं आहे. ते आधीच हललेले असतात, कीटण निघाल्यावर कळतं इतकंच. साखरेचा आजार असेल तर अजिबात टाळू नका, त्यात हाड लवकर झिजतं. तोवर रक्त आलं तरी मऊ ब्रशनं रोज दोनदा घासत राहा.