जहाल कीं मवाळ?

निवडणूक जवळ आली कीं घरोघर एक जुना वाद निघतो : उमेदवार जहाल असावा कीं मवाळ? जहाल मनुष्य सभा जिंकतो, मतें मात्र मवाळाच्या पेटींत पडतात, असें जाणते लोक सांगतात. ठाणें जिल्ह्यानें हें वचन एकदां साफ खोटें पाडलें.

१९५७ सालीं ठाणें हा लोकसभेचा दोन जागांचा मतदारसंघ होता. एक सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जमातींसाठीं राखीव. दोन्ही जागा कम्युनिस्टांनीं जिंकल्या. शामराव परुळेकर व लक्ष्मण महादू मातेरा हे ते दोघे. १९५२ सालीं हीच जागा काँग्रेसकडे होती. मग पांच वर्षांत खोपट, नौपाडा, कल्याण येथील पांढरपेशा गृहस्थ साम्यवादी झाला काय? मुळींच नाहीं.

कारण दुहेरी होतें. १९५२ सालीं देशभर काँग्रेसला सुमारें ४५ टक्के मतें पडलीं, पण ४८९ पैकीं ३६४ जागा मिळाल्या. विरोधकांचीं मतें आपसांत फुटलीं हें त्याचें मुख्य कारण. १९५६ च्या फेब्रुवारींत पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एका मांडवाखालीं आले. जनसंघही त्यांत होता. मुंबईसह महाराष्ट्र हवा, ही मागणी इतकी सर्वांची होती कीं तिच्यासाठीं मत देतांना उमेदवाराच्या झेंड्याचा रंग कोणी पाहिला नाहीं. जिल्ह्यांतील वारली मात्र रंग ओळखीत होते. १९४५ सालीं कल्याणनजीक टिटवाळ्यास किसान सभेचें अधिवेशन झालें, त्याच वर्षीं वेठबिगारीविरुद्ध त्यांचा लढा उभा राहिला, आणि परुळेकर दांपत्य त्यांच्या पाड्यांवर हिंडत होतें.

गंमत पाहा : हे परुळेकर मूळचे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे, म्हणजे मवाळांच्याच घरचे! मवाळाचा जहाल होतो, त्याला मतदार कसा तोलणार? माझ्या मतें तो विशेषणें तोलीतच नाहीं. आपल्या प्रश्नावर हा मनुष्य ठाम आहे कीं नाहीं, आणि त्याला निवडून येण्याइतके सोबती आहेत कीं नाहींत, एवढेंच पाहतो. १ मे १९६० रोजीं राज्य मिळालें, आणि १९६२ सालीं ठाण्याची जागा पुन्हां काँग्रेसकडे गेली. परुळेकरांचे विचार त्या पांच वर्षांत अधिक तीव्र झाले होते असें नव्हे; मागणी पुरी झाली होती.

१९७७ सालीं याच ठाण्यानें जनता पक्षाच्या रामभाऊ म्हाळगींना दिल्लीस धाडलें. हे म्हाळगी १९५७ सालीं पुणें जिल्ह्यांतील मावळांतून जनसंघातर्फे विधानसभेवर गेले होते. त्या मावळाचा आपल्या मवाळाशीं कांहींएक संबंध नाहीं. परुळेकरांच्या आणि त्यांच्या विचारांत जमीनअस्मानाचें अंतर. पण १९५७ प्रमाणें १९७७ सालींही निरनिराळे पक्ष एकत्र झाले होते, आणि आणीबाणी हा प्रश्न मतदाराच्या दारापर्यंत आला होता.